बर्फ बघायला गेलो आणि खडी बघून आलो : खानापूर ते गोमुख

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी काय ट्रेकर-बिकर नाही. बेळगावजवळच्या खानापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सकाळी दहा ते रात्री आठ खुर्चीत बसून लोकांचे आरटीसी उतारे (म्हणजे कर्नाटकातला सातबारा), जातीचे दाखले, पोरांच्या स्कॉलरशिपा, असलं सगळं. चाळिशी उलटली, पोट सुटलंय, जिना चढला की दम लागतो. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात गोमुखाला जाऊन आलो, म्हणजे गंगोत्रीच्या हिमनदीचं तोंड जिथं आहे आणि जिथनं भागीरथी बाहेर पडते तिथं. दुकानात येणारा दर दुसरा माणूस अजून विचारतो, कसं गेलास, किती खर्च आला, बर्फात लोळलास काय. सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखालंय म्हणून एकदा लिहूनच सोडतो.

तर, बर्फात लोळलो नाही. लोळण्यासारखा बर्फ तिथं नव्हताच. पिक्चरमध्ये दाखवतात तसं पांढरंशुभ्र मैदान डोक्यात ठेवून जाऊ नका, आपल्याकडं स्टोन क्रशरच्या आवारात गेल्यावर दिसतं ना, खडी, धुरळा, मोठे धोंडे, तसलं दृश्य असतंय, आणि त्या खडीच्या खाली बर्फ. खरं ते बघून मी जेवढा गप्प झालो तेवढा कुठल्या पांढऱ्या डोंगराकडं बघून झालो नसतो. (आमच्या भागात 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, पुढं पण येईल, सांभाळून घ्या.)

जायचं डोक्यात आलं मामांमुळं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावच्या सेंटरमधून ट्रेनिंग करून गेले आणि हवालदार म्हणून रिटायर झाले, आता गावाकडं भातशेती आणि चार म्हशी. पंजाब, आसाम, सगळ्या पोस्टिंगच्या गोष्टी ते रंगवून सांगतात, सियाचिनची मात्र विचारली की एवढंच, "तिथं दाढी करायची नसते." पुढं काही नाही. फौज तिथं एप्रिल १९८४ मध्ये चढली, मामा त्यानंतर काही वर्षांनी गेले. त्या वर्षी गणपतीच्या आधी भात बघायला गेलो होतो तेव्हा बांधावर बसून अचानक म्हणाले, "एकदा पाठीवर वजन नसताना हिमनदी बघायची आहे गा." मी म्हटलं चला की, मी तिकीट काढतो. ते मी सहज बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात हजर, आधार कार्ड घेऊन.

तिसरा आमचा पैलवान. खरंच कुस्ती खेळायचा, आता टेम्पो चालवतो, अजून रोज सकाळी जोर-बैठका मारतो. तो म्हणाला तुम्ही दोघं जालायसा तर तुम्हाला उचलून आणायला कुणीतरी पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा.

तयारी म्हणजे काय, दीड महिना पहाटे उठून असोग्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, रविवारी मामा आम्हाला येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्यायचे. पैलवान पळत वर जायचा आणि वरनं आम्हाला हाका मारायचा. मामा एकाच चालीनं, खाली बघत, तोंड मिटून. मी मधे कुठंतरी झाडाला धरून. मामांनी एकच गोष्ट शिकवली, चालताना बोलता आलं पाहिजे इतकंच हळू चालायचं आणि तरी बोलायचं नाही. तेव्हा ते मला चेष्टा वाटली होती.

कपड्यांचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. नवीन काही घेतलं नाही म्हटलं तरी चालेल. थंडीत तिबेटी लोकांकडनं घेतलेले स्वेटर कपाटात होते, मामांकडं फौजेतला जुना कोट होता, फक्त बूट चांगले घेतले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आणि महिनाभर घालून फिरलो, दुकानात पण तेच घालून बसायचो, लोक हसायचे. नवे कोरे बूट घालून थेट डोंगरात जाऊ नका, पायाला फोड येऊन बसतील. कानटोपी, दोन जोड हातमोजे, काळा चष्मा, टॉर्च. डॉक्टरांकडं जाऊन बीपी-शुगर तपासून घेतली, फिटनेसचं सर्टिफिकेट घेतलं, आणि उंचीवरच्या त्रासाची गोळी घ्यायची का नको ते पण विचारून घेतलं. ते ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं, माझ्या दुकानात विचारू नये. हो, विचारतात.

आता माझी फजिती. चारधामच्या बाजूला जायचं म्हणजे उत्तराखंडच्या टुरिझमच्या साइटवर आधी नाव नोंदवावं लागतं, ते झालं. गोमुखासाठी वेगळा परवाना, कारण तो भाग गंगोत्री नॅशनल पार्कात येतो आणि दिवसाला दीडशेच माणसं सोडतात. मी सगळ्यांची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावली, लॅमिनेशन-बिमिनेशन करून एकदम टापटीप, आणि परवान्याच्या अर्जात तारीख चुकवली. आम्हाला पाहिजे होती सहा, मी लिहिली पाच. जो माणूस दिवसभर लोकांना ओरडतो की जन्मतारीख नीट बघून सांगा, नंतर दुरुस्ती करायला नाडकचेरीत खेटे घालावे लागतील, त्यानं स्वतःच्या फॉर्मवर तारीख चुकवली. पैलवानानं हे खानापूरभर केलंय.

अनंत चतुर्दशी झाली, विसर्जन झालं, आणि ३० सप्टेंबरला संध्याकाळी बेळगावातनं गोवा एक्स्प्रेस धरली. दोन रात्री आणि एक दिवस. भाकऱ्या, लसणीची चटणी, धपाटे, वर पैलवानाच्या बायकोनं दिलेला कुंदा. इटारसीपर्यंत डबे रिकामे. २ ऑक्टोबरला सकाळी निजामुद्दीन, संध्याकाळपर्यंत हरिद्वार, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं उत्तरकाशी. त्या बसप्रवासाबद्दल मला काही लिहायचं नाही. खिडकीकडं बसू नका.

उत्तरकाशीला ४ तारखेला सकाळी परवान्याला गेलो. आमचे आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, फॉर्म हिंदीत, आणि आम्ही आपसात बोलतोय मराठीत. खिडकीतल्या साहेबानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "कर्नाटक से हो तो आपस में मराठी कैसे बोल रहे हो?" बेळगावकडच्या माणसाला हा प्रश्न मुंबईत विचारतात, बेंगळुरात विचारतात, आता हिमालयात पण. मामा म्हणाले, "साहब, वो लंबी कहानी है, पहले परमिट दे दो, बाद में चाय पे बताता हूँ." साहेब हसला. तारीख तिथंच खोडून सही केली, माणशी दीडशे रुपये घेतले, झालं. आपल्याकडं असल्या दुरुस्तीला नवीन अर्ज करा म्हणाले असते.

खरं त्याच दिवशी सकाळी दुसरं एक झालं. लॉजच्या टीव्हीवर बातमी चाललेली, सिक्कीममध्ये आदल्या रात्री हिमनदीचा तलाव फुटून तिस्तेला पूर आलाय, चुंगथांगचं धरण वाहून गेलंय. साउथ ल्होनाक म्हणून तलाव आहे तो. अर्ध्या तासात घरनं फोन सुरू. आईला सिक्कीम आणि उत्तराखंड यातला फरक सांगून काय उपयोग, तिला एवढंच कळलं होतं की बर्फाची नदी फुटली आणि पोरगं बर्फाच्या नदीकडं जालंय. बायको म्हणाली परत या. पैलवान पण जरा गंभीर झाला होता. मामा चहा पीत म्हणाले, "तिथं तलाव साठला होता म्हणून फुटला. इथं पाणी साठत नाही, वाहतंय. तरी नदीच्या पात्रात कुठं बसायचं नाही, झोपायचं नाही, मी सांगतो तिथंच बसायचं." मग गेलो.

उत्तरकाशी ते गंगोत्री शंभरेक किलोमीटर. गंगनानीला गरम पाण्याची कुंडं आहेत, पुढं हर्षिल, मग धराली. धरालीत गाडी थांबली, रस्त्याच्या कडेला सफरचंदाच्या पेट्या मांडलेल्या, आम्ही एका हॉटेलात राजमा-चावल खाल्ला, मालकीणबाईनं पैलवानाला तिसऱ्यांदा भात वाढला आणि पैसे दोनदाचेच घेतले. हे मी मुद्दाम लिहितोय. ५ ऑगस्ट २०२५ ला दुपारी खीरगंगेला वरनं चिखल-दगडांचा लोंढा आला आणि धरालीचा बाजार बघता बघता गेला, जुनं कल्पकेदारचं देऊळ पण गाडलं गेलं. ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. मी दुकानात मोबाइलवर बघितला, एका माणसाचं रेशन कार्ड स्कॅनरवर तसंच होतं. ते हॉटेल कुठलं ते मी व्हिडिओत शोधत होतो, कळलं नाही.

असो. गंगोत्री तीन हजार मीटरच्या वर आहे. आमचं खानापूर साडेसहाशे. म्हणून ५ तारखेला गंगोत्रीतच थांबलो, मामांची ऑर्डर, एक दिवस काही करायचं नाही, थोडं चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, दुपारी झोपायचं नाही. पैलवानाला हे पटलं नाही. "आलोय तर चला की, एक दिवस फुकट." माझी चुकीची तारीख राहिली असती तर आम्ही त्याच दिवशी चढलो असतो, म्हणजे बघा.

६ तारखेला सकाळी सात वाजता निघालो. एक नेपाळी पोर्टर घेतला होता, त्याच्याकडं दोन सॅक. गंगोत्री ते चीरबासा नऊ किलोमीटर, भोजबासा चौदा, गोमुख अठरा. दोनेक किलोमीटरवर वनखात्याची चौकी आहे, तिथं परवाना बघतात आणि प्लास्टिक मोजून लिहून घेतात, परत येताना तेवढंच दाखवायचं. आमच्या पिशवीत चिवड्याची पाकिटं, बिस्किटं, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं मोजलं. अकरा. परत येताना दहा भरली, एक पाकीट पैलवानाच्या खिशात होतं, त्यावरनं पंधरा मिनिटं गेली.

वाट चांगली आहे, चढ फार नाही, खरं एका बाजूला दरी आणि खाली भागीरथी. चीरबासापर्यंत झाडं आहेत, देवदार आणि पाइन. तिथं चहा प्यायला आणि पुढं झाडं संपत गेली. चीरबासाच्या पुढं एक पट्टा आहे त्याला ते लोक गिला पहाड म्हणतात, तिथं डोंगराच्या अंगावरचे दगड सुटे आहेत, वारा सुटला किंवा वर भरल चालले (निळसर मेंढीसारखा प्राणी, शिंगं मागं वळलेली) की खडे घरंगळत येतात. पोर्टर म्हणाला इथं थांबायचं नाही, फोटो नाही, वर बघत चला. मी वर बघत चाललो, मग पायाखाली बघायचं राहिलं, मग मामांनी माझी कॉलर धरली आणि तसंच पार नेलं. साठ वर्षांच्या माणसानं चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कॉलर धरून नेलं हे लिहायला जरा बरं वाटत नाही, खरं झालं तसं.

भोजबासा म्हणजे भोजपत्राची झाडं होती म्हणून भोजबासा. आता मोजकीच दिसतात. वाटेत एका झाडाची साल वाऱ्यानं फडफडत होती, हात लावला तर कागदच, आमच्या दुकानातल्या बटर पेपरसारखी पातळ, थराखाली थर, आतली बाजू गुलाबी. जुन्या पोथ्या यावरच लिहायचे. पैलवान म्हणाला, "हे झेरॉक्स मशिनात जाईल काय बे?" पोर्टरनं डोळे मोठे केले, तोडायला बंदी आहे. तोडली नाही.

पैलवान त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं होता. आम्ही तीनला भोजबासाला पोचलो तर तो एकलाच येऊन आश्रमाच्या ओट्यावर बसलेला, म्हणे अडीच तासांपूर्वी आलो. हसत होता, खरं तोंड उतरलेलं. मामांनी त्याच्याकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत.

बॅगा टाकल्या आणि मामा मला घेऊन नदीकडं उतरले. पाणी धुण्याच्या साबणाच्या पाण्यासारखं राखाडी, आवाज एवढा की ओरडून बोलायला लागायचं. मामांनी काठावरच्या एका मोठ्या धोंड्यावर, पाणी जिथपर्यंत लागत होतं तिथं, कोळशानं रेघ ओढली. मी विचारलं कशाला. म्हणाले उद्या सकाळी बघ.

रात्री आश्रमात डाळ-भात होता. पैलवानानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ज्या माणसानं धरालीत तीनदा भात घेतला त्याला भात नको झाला तेव्हा मला जरा शंका आली. डोकं दुखालंय म्हणाला. आठला उलटी झाली, दहाला परत. भोजबासा पावणेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथं श्वासात येणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानानं तिसऱ्या हिश्शानं तरी कमी. शरीर तगडं आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो, उलट तगडा माणूस पटापटा चढतो आणि तिथंच फसतो. मामा रात्रभर त्याच्या उशाला बसून होते. दर तासाला उठवून विचारायचे, आज वार कुठला, तुझ्या टेम्पोचा नंबर काय, उभा राहा, सरळ रेषेत चालून दाखव. पैलवान शिव्या द्यायचा आणि नंबर सांगायचा. नंतर मामांनी सांगितलं, नंबर चुकला असता किंवा पाय लटपटले असते तर त्याच क्षणी अंधारात खाली न्यायला लागलं असतं, तोपर्यंत मेंदूला सूज आलेली असू शकते. डोकेदुखी आणि उलटीपर्यंत असेल तर वर जायचं नाही आणि उजाडल्यावर उतरायचं, एवढाच नियम.

मी पण झोपलो नाही. बाहेर लघवीला गेलो, वर बघितलं आणि तिथंच उभा राहिलो. चंद्र अजून उगवायचा होता. एवढ्या चांदण्या आमच्याकडं लाइट गेली तरी दिसत नाहीत. मग थंडी पायातनं वर चढायला लागली आणि पळत आत आलो, पळू नये ते विसरलो आणि आत येऊन दहा मिनिटं मासळीसारखा तोंड उघडून श्वास घेत बसलो. उशाची बाटली सकाळी गोठून दगड झाली होती.

सकाळी पैलवान म्हणाला मी बरा आहे, येतो. डोकं अजून दुखत होतं ते त्याच्या कपाळावरच्या आठीवरनं कळत होतं. मामा म्हणाले, "तू खाली जायचं." तो म्हणाला, "चार किलोमीटर राहिलंय मामा, अडीच हजार किलोमीटर आलोय." मामा म्हणाले, "माझ्याबरोबरच्या एकाला तीनशे मीटर राहिलं होतं." एवढंच. पुढं काय झालं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं पण नाही. पैलवान पोर्टरबरोबर खाली गेला, जाताना आमच्याकडं बघितलं सुद्धा नाही. चीरबासाला पोचेपर्यंत डोकं थांबलं आणि गंगोत्रीत त्यानं चार पराठे खाल्ले, हे त्याच्याच तोंडनं नंतर कळलं.

आम्ही दोघं चार बंगाली पोरांच्या ग्रुपबरोबर निघालो, त्यांच्याकडं गाइड होता. निघायच्या आधी मामा मला धोंड्याकडं घेऊन गेले. कोळशाची रेघ कोरडी होती, पाणी तिच्याखाली चांगलं वीतभर. रात्रीत बर्फ वितळायचा थांबला म्हणून नदी उतरली. दिवसभर ऊन पडलं की संध्याकाळी परत चढणार. हे बघून मला आमची मलप्रभा आठवली. ती पण उगमापासून आमचीच, कणकुंबीला देवळाजवळच्या कुंडातनं निघते आणि खानापुरावरनं पुढं जाते, लहानपणी सहलीला तिथं नेलं होतं, जंगल, जळवा, आणि एवढंसं पाणी. आमची नदी पावसावर जगते, एप्रिल-मे आला की पुलाखाली पोरं क्रिकेट खेळतात. ही नदी नेमक्या त्याच उन्हावर फुगते. आमच्याकडं ऊन पडलं की नदी जाते, तिथं ऊन पडलं की नदी येते. पन्नासदा भूगोलात वाचलं असेल, बारमाही नदी, हिमालयातील नद्यांना हिमाचे पाणी मिळते, गाळलेल्या जागा भरा. त्या धोंड्यावरच्या कोळशाच्या रेघेपुढं मला ते पहिल्यांदा कळलं.

भोजबासाच्या पुढं वाट वाट राहत नाही, धोंड्यावरनं धोंड्यावर. समोर भागीरथीची तीन शिखरं, मोठं ६८५६ मीटर, उजवीकडं शिवलिंग निघालं, ६५४३, ते बघताना मान दुखेपर्यंत बघत राहावं असं आहे. दहाच्या सुमाराला गाइडनं हात वर केला, इथंच थांबा. तोंड अजून अर्धा किलोमीटर पुढं. २०१६ मध्ये तोंडाचा मोठा भाग कोसळला, तेव्हापासून जवळ जाऊ देत नाहीत. मामांची छोटी दुर्बीण होती, तिच्यातनं आळीपाळीनं बघितलं.

काय दिसलं ते सांगतो. दगड-मातीचा एक प्रचंड ढिगारा, पाच-सहा मजली इमारतीएवढा, रुंद, मळकट. त्याचा पुढचा भाग कापल्यासारखा उभा, आणि त्या कापात बर्फ दिसतो, वर काळा, मधे राखाडी, आणि खाली जिथं ताजा तुटलाय तिथं निळा. नीळ घातलेल्या धोतरासारखा नाही, त्यापेक्षा गडद, बाटलीच्या काचेसारखा. शेकडो वर्षं बर्फावर बर्फ पडून दाबला गेला की त्यातली हवा निघून जाते, मग तो तांबडा उजेड गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. खाली भोक, त्यातनं नदी. ढिगाऱ्यावरनं सारखे खडे सुटतात, खडखड खडखड पाण्यात. मधनंच आतनं आवाज यायचा, ढोल लांब कुठंतरी वाजल्यासारखा, एकदाच, आणि बंद. मामा पहिल्या आवाजाला बसले. म्हणजे खालीच बसले, पटकन, गुडघे वाकवून. मग स्वतःच हसले. म्हणाले, "तिथं दोरी बांधून चालायचो. असा आवाज आला की पुढचा फटीत गेला असं समजून मागच्यानं बसायचं, म्हणजे वजन लागतं, तो खाली जात नाही." पस्तीस वर्षांत मी मामांकडनं सियाचिनबद्दल ऐकलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य.

गंगोत्रीची हिमनदी तीसेक किलोमीटर लांब आहे, सियाचिन ७६. आणि ही चालते, दगडांना घासत, रगडत, वरनं खाली. आमच्या शेजारच्या गिरणीत जात्याच्या दगडांत ज्वारीचं होतं तसं डोंगराचं पीठ होतं, ते पीठ पाण्यात मिसळतं म्हणून पाणी तसं राखाडी. खाली सरकते खरं, तरी तोंड मागं मागं जालंय, कारण पुढनं वितळतं त्यापेक्षा मागनं भरती कमी. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक खात्याच्या ऑडेन साहेबांनी हे तोंड कुठं आहे ते नकाशावर मांडलं, तेव्हापासून किलोमीटरपेक्षा जास्त मागं गेलंय, वर्षाला सरासरी वीसेक मीटर धरा. गाइड म्हणाला आपण आत्ता जिथं बसलोय तिथं त्याच्या आजोबांच्या वेळी बर्फ होता. मामांनी बसल्या जागेवर हात फिरवला, दोन खडे उचलले, परत ठेवले.

एक तास बसलो असू. ऊन वाढलं तसे वरनं दगड जास्त सुटायला लागले आणि गाइड म्हणाला चला. मी खाली नदीकाठाला येऊन आईसाठी बाटली भरली. पाण्यात हात घातला आणि दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं, सहावर काढला. बोटं भाजल्यासारखी.

मामांना विचारलं, कसं वाटलं वजन नसताना. म्हणाले, "गुडघा दुखतोय."

ती रात्र परत भोजबासाला काढली, दुसऱ्या दिवशी गंगोत्री. पैलवान आमच्याशी हरिद्वारपर्यंत बोलला नाही, गाडीत मिरज आल्यावर बोलायला लागला. सगळा खर्च माणशी साडेचौदा हजारांच्या आसपास आला, रेल्वे, बस, जीप, राहणं, पोर्टर सगळं धरून. जायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा, पावसाळ्यात ती वाट घसरते, आणि दिवाळीच्या पाडव्याला गंगोत्रीचे दरवाजे बंद होतात. एक दिवस गंगोत्रीत थांबा, थांबाच. फॉर्मवर तारीख दोनदा बघा.

घरी आल्यावर आईनं बाटली बघितली आणि म्हणाली हे कसलं गंगाजल, गढूळ आणलंस. जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि गाळलं. खाली पातेल्यात तेवढंच राखाडी. चारपदरी करून परत गाळलं, तरी तेच. कापडावर काही राहीना, इतकं बारीक पीठ. मग तिनं तसंच बाटलीत भरून देवघरात ठेवलं. काही दिवसांनी बघितलं तर वर पाणी नितळ, आणि तळाला राखेसारखा पातळ थर.

त्यातलंच थोडं मी काचेच्या लहान बाटलीत घालून दुकानात काउंटरवर ठेवलंय. पैलवान आला की पहिल्यांदा ती बाटली उचलतो आणि जोरात हलवतो.